घर बघायला रविवारीच जा

पुण्यात फ्लॅट घ्यायचा म्हणताय? अभिनंदन. फ्लॅट काय, कोणीही निवडेल. दोन बेडरूम आणि एक गॅलरी सगळीकडे सारखीच असते. कस लागतो तो एरिया निवडताना. या विषयात मी बऱ्यापैकी पोळलेला माणूस आहे, तेव्हा माझा सल्ला निःसंकोच घ्या. पैसे तसेही तुमचेच जाणार आहेत.

आधी नाव बघा, जागा मागाहून. आपण राहतो घरात, पण सांगतो पत्ता. लग्नाच्या पंगतीत मावशीने "सध्या कुठे असता?" विचारलं की कार्पेट एरिया सांगून भागत नाही. नावाला वजन हवं. कोथरूडचं वजन खिशाला पेलत नसेल तर खचू नका, बिल्डरलोकांनी सोय करून ठेवली आहे. पौड रस्त्याने चांदणी चौक ओलांडून थोडं पुढे गेलं की मुळशी तालुक्यातलं भूगाव लागतं. तिथे महापालिका नाही, ग्रामपंचायत आहे. पण आमच्या ब्रोशरवर ते 'कोथरूड अॅनेक्स' होतं. सूस-म्हाळुंगेला असंच 'बाणेर अॅनेक्स' म्हणतात, वाघोलीला 'खराडी अॅनेक्स'. महापालिकेला ११ गावं आत घ्यायला २०१७ उजाडलं, आणखी २३ घ्यायला २०२१. बिल्डरांनी ती कधीच आत घेतली होती, तीही चढ्या भावाने. (महापालिकेचं मन मात्र चंचल. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ला आत आली आणि २०२४ला त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. माणसं होती तिथेच राहिली, घरपट्टीची खिडकी तेवढी बदलली.)

नाव ठरलं की जागा बघायला जा. रविवारी जा, सकाळी अकराच्या सुमारास, आणि शक्यतो जानेवारीत. त्या वेळी पुण्यातला कुठलाही एरिया महाबळेश्वरसारखा दिसतो. एजंटच्या गाडीतून जा, काचा वर, एसी चालू. सोमवारी सकाळी नऊला जाऊ नका. जुलैत तर अजिबात नको. आणि रात्री दहाला जाऊन रस्त्यावर दिवे आहेत का बघण्याचा चोंबडेपणा करू नका. इतकी चौकशी आपण मुलीचं लग्न ठरवतानासुद्धा करत नाही.

ब्रोशरमध्ये अंतर मिनिटांत दिलेलं असतं, त्यावर श्रद्धा ठेवा. 'चांदणी चौक ७ मिनिटं' असं आमच्याकडे छापलं होतं आणि एजंटने रविवारी खरंच सात मिनिटांत आणून दाखवलं. तेच अंतर सोमवारी चाळीस मिनिटांचं होतं, पण त्यात बिल्डरची काय चूक? त्याने कुठे सोमवार म्हटलं होतं? २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी उडवला. तोही एका दमात पडला नाही, उरलेला सांगाडा मशिनं लावून उतरवावा लागला. त्याच आठवड्यात मी टोकन दिलं, कारण एजंट म्हणाला, "साहेब, पूल झाला की रेट डबल." १२ ऑगस्ट २०२३ला नवा उड्डाणपूल सुरूही झाला. उत्तम पूल आहे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा घरी जायला निघालो आणि दोन्ही वेळा मुंबईच्या रस्त्याला लागलो. २०२५मध्ये कोथरूडच्या वनाज स्टेशनवरून मेट्रो चांदणी चौकापर्यंत न्यायला केंद्राची मंजुरी मिळाली आणि एजंटचा पुन्हा फोन आला. शेजारची बिल्डिंग विकायची होती. मंजुरीवरून अजून कोणी ऑफिसला गेलेलं नाही, पण ब्रोशरवर ती छान दिसते.

पाण्याबद्दल मात्र विचारू नका. ऐन मुहूर्तावर तसलं काही बोलणं बरं दिसत नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये नळ सोडून बघायची बायकोला खोड होती. तिने सोडला आणि पाणी धो धो आलं. सेल्सवाली मुलगी अशी हसली की जणू चारही धरणं तिच्याच नावावर आहेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, सगळी मिळून साधारण २९ टीएमसी. ती भरली की पेपरात फोटो येतो आणि आम्ही तो आवडीने बघतो, परगावच्या नातेवाइकाच्या बंगल्याचा बघावा तसा. हद्दीत नव्या आलेल्या गावांतसुद्धा बिल्डर महापालिकेला हमीपत्र लिहून देतो, की तुमचं पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू. हमीपत्र फाइलला लागतं, बिल्डर पुढच्या प्रोजेक्टला लागतो आणि टँकरचं बिल मेंटेनन्सला लागतं.

टँकर एकदा जवळून बघाच. पहाटे सव्वापाचला गेटवर रिव्हर्सचा भोंगा वाजतो, तो आमचा कोंबडा. वॉचमन वर चढतो, झाकण उघडून आत बॅटरी मारतो आणि "भरलाय" असं खाली ओरडतो. खाली ए विंगमधले, बँकेतून रिटायर झालेले काका स्वेटर-कानटोपी घालून वही घेऊन उभे असतात. नंबर, वेळ, दहा हजार लिटर, सही. आयुष्यभर दुसऱ्यांचं कॅश तपासलेला माणूस आता पाणी तपासतो. मग टाकीत जाडजूड पाइप सोडला जातो, तो सांध्यापाशी गळतो आणि त्या गळतीखाली कोणीतरी आपली बादली आधीच लावलेली असते. कोणाची, हा एजीएममधला कायमचा विषय. साडेआठला ग्रुपवर मेसेज: 'आज ३ आले. चौथा गावातल्या ट्रॅफिकमध्ये अडकला आहे. कृपया वॉशिंग मशिन लावू नये.'

इतक्या पाण्याने तुमचं भागत नसेल तर रिव्हर व्ह्यू घ्या. नदीकाठी दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नकाशावर त्या फार ठळक असतात, बांधकामावर जरा फिकट होतात. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. तोवर त्यांनी नदी गॅलरीतून बघितली होती, त्या दिवशी नदीने त्यांचा जिना बघितला.

एरिया निवडण्याचं अंग आमच्या घराण्यातच आहे. आजोबा, म्हणजे बाबांचे अण्णा, नारायण पेठेत भाड्याने राहायचे. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि खोली गेली. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या. आजोबांना सहकारनगरला जायची संधी होती. ते एकदा सायकलवरून जागा बघून आले. पर्वतीच्या पलीकडे नुसता माळ. "इतक्या लांब माणसं राहतात का?" म्हणाले, आणि पुन्हा पेठेत, आधीच्याहून लहान खोली भाड्याने घेतली. सहकारनगरातल्या आजच्या फ्लॅटचा भाव ऐकला की बाबा अजून दुसऱ्या खोलीत निघून जातात. मग २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढा चढला. सहकारनगरात भिंती पडल्या, शहरात माणसं गेली. दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर बसून बाबा हळूच म्हणाले, "अण्णांना कळलं असणार." अण्णांना काहीही कळलं नव्हतं. त्यांना फक्त चितळ्यांचं दुकान सोडवत नव्हतं.

शेजाऱ्यांबद्दल काय सांगू? ते मिळतील तसे घ्या. तसा त्यांनाही पर्याय नसतो.

परवा ऑफिसातून निघायला उशीर झाला. मेट्रोने वनाजला उतरलो आणि रिक्षा बघितली. "कुठे?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कोथरूडच्या जरा पुढे."

"डेपो?"

"त्याच्या जरा पुढे."

"चांदणी चौक?"

"त्याच्याही जरा..."

त्याने तंबाखू मळायची थांबवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "भूगाव म्हणा की मग. हाफ रिटर्न पडेल."

बसलो. गावात शिरताना पुढे सगळं तुंबलेलं होतं. आमच्या नाकासमोर एक टँकर उभा होता, मागच्या कॉकमधून धार लागलेली, खाली रस्ता ओला. मी वाकून नंबर वाचला. काकांच्या वहीतला होता, चौथा.