शून्य रुपयांचे आजोबा

आमच्या शिबिराच्या हिशेबाची पडताळणी झाली आणि खुलासे मागणारा एक तक्ता आला; त्यातला मुद्दा क्रमांक 14 जसाच्या तसा देते: "एकाच मार्गावरील, एकाच दिवशीच्या प्रवासासाठी पुरुष सहभागींना 170 रुपये व महिला सहभागींना 85 रुपये अदा केलेले दिसतात. सदर तफावत लिंगभाव समानता धोरणाशी विसंगत आहे. खुलासा करावा, अन्यथा रक्कम अमान्य होईल."

शिबिर होतं जागतिक न्यायावर. कापूस यवतमाळात पिकतो, त्याचा भाव भलतीकडेच ठरतो आणि टी-शर्ट कुठल्या तिसऱ्याच देशात शिवला जातो, हे कॉलेजच्या पोरापोरींना समजावून सांगायचं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उचललं आणि पुढे वर्षअखेरपर्यंत माफ ठेवलं, त्यामुळे विषय शिळा नव्हता. पैसे एका कंपनीच्या सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्चायच्या निधीतले, तिच्या फाउंडेशनमार्फत आलेले, आणि हिशेबाची पडताळणी तिसऱ्याच कुणाला तरी दिलेली. पार्श्वभूमी एवढी पुरे.

17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या गाड्यांत बायकांना निम्मं तिकीट आहे. हे कंडक्टरला माहीत आहे, स्टँडवर शेंगा विकणाऱ्याला माहीत आहे, माहेरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला तर आहेच. माहीत नाही ते फक्त पडताळणीवाल्या साहेबांना. आवाज तरुण, भाषा गोड, आणि हातात एक्सेल.

"मॅडम, मुलींना निम्मे पैसे का दिले?"

"त्यांचं तिकीटच निम्मं आहे."

"हो, पण आपलं धोरण समान वागणुकीचं आहे ना?"

"मग त्यांनाही 170 देऊ का?"

"नाही नाही, तिकिटापेक्षा जास्त देता येणार नाही."

"मग मुलांना 85 देऊ?"

"तसं केलं तर मुलांवर अन्याय होईल, मॅडम." हे ते मनापासून म्हणाले. मग जरा विचार करून, "सरासरी काढता येईल का?"

सरासरी 127 रुपये 50 पैसे येते. एवढ्या किमतीचं तिकीट महामंडळाने छापलेलं नाही.

शासनाचं परिपत्रक पाठवते म्हटलं, तर त्यांची पुढची अडचण: तिकिटावर प्रवाशाचं नाव नसतं, मग हे सवलतीचं तिकीट मुलीचंच कशावरून? हजेरीपटावर सही आहे, आधारची प्रत आहे, फोटो आहे, फोटोवर अक्षांश-रेखांशही छापलेले आहेत. "पण फोटो शिबिरातला आहे, बसमधला नाही," ते म्हणाले. म्हणजे आता पोरींनी कंडक्टरच्या शेजारी उभं राहून जिओटॅग फोटो काढायचा, गाडी चालू असताना, घाटात.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग आले आजोबा.

शिबिरात एक शेतकरी आजोबा बोलायला आले होते. वय 76. जनुकबदल केलेलं बीटी बियाणं येण्याआधीचा कापूस, सगळा कापूस सरकारच घ्यायचं ते एकाधिकार खरेदीचे दिवस आणि आजचा भाव, तिन्ही त्यांच्या अंगावरून गेलेलं. वयाची 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी मोफत आहे. म्हणून त्यांच्या नावापुढे प्रवासखर्च शून्य.

"मॅडम, सिस्टिम शून्य घेत नाही."

"मग रकाना मोकळा ठेवा."

"मोकळा ठेवला तर अपूर्ण दाखवतं. किमान एक रुपया टाका."

"एक रुपया दिलेलाच नाही. खोटं कसं लिहू?"

"बरोबर आहे, खोटं नकोच." त्यांनाही पटलं. कीबोर्डचा आवाज आला. "मग एक करू या का? ते आलेच नाहीत असं दाखवू."

"ते आले होते हो. दीड तास बोलले."

"हो, पण प्रवास दिसत नाहीये ना. प्रवासच नसेल तर ते पोचले कसे?"

आता, आजोबा आले नसतील तर त्यांना दिलेलं 1,500 रुपयांचं मानधन न आलेल्या माणसाला दिलं असं होतं. मानधन अमान्य. त्यांच्या जेवणाचं ताट अमान्य. शिवाय साहेबांना आणखी एक गोष्ट सापडली: प्रकल्प युवकांचा, राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे 15 ते 29, आणि हजेरीपटावर 76 वर्षांची सही. "अपात्र लाभार्थी" असा लाल शेरा. आजोबा लाभार्थी नाहीत, वक्ते आहेत, हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, "वक्त्याचा बायोडेटा जोडा. शैक्षणिक पात्रतेसह." आजोबांचं शिक्षण चौथी.

तेवढ्यात मानधनाच्या पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प नसल्याचंही निघालं. एक रुपयाचा तो स्टॅम्प 5,000 रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीला लागतो. हे सांगितलं. "असू दे, लावून टाका, छान दिसतं," ते म्हणाले.

आता तिकिटांविषयी, कारण ही चूक दर संस्थेत कुणीतरी करतंच. एसटीचं तिकीट थर्मल कागदावर असतं. शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा होतो. म्हणून ते उन्हात फिकं पडतं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये राहिलं तरी अक्षरं उडतात, त्यावर चिकटपट्टी लावली तर पट्टीखालचं आधी जातं. आणि एखादा फारच काटेकोर कार्यकर्ता जपून ठेवायचं म्हणून लॅमिनेट करतो, तेव्हा यंत्रातून अख्खं तिकीट काळंकुट्ट होऊन बाहेर येतं. त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, तिकिटाचा क्रमांक, मार्ग आणि रक्कम झेरॉक्सवर पेनाने लिहायची, प्रवाशाची सही तिथेच घ्यायची आणि मूळ तिकीट साध्या कागदाच्या पाकिटात ठेवायचं. पडताळणी सहा-आठ महिन्यांनी येते. तोवर मूळ तिकीट कोरं झालेलं असतं.

वडापावचं दुखणं वेगळं. साहेबांना जीएसटी बिल हवं. खाण्याच्या धंद्याला नोंदणी लागते ती वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेल्यावर, म्हणजे रोजचा साडेपाच हजारांच्या आसपास धंदा. कॉलेजबाहेरच्या गाडीवर तेवढा गल्ला होत नाही. नोंदणी नसलेल्याने जीएसटी लावलं तर तो गुन्हा, आणि न लावलेलं बिल म्हणे कच्चं. यावर वाट अशी: संस्थेचं छापील व्हाउचर, त्यावर तारीख, नग, दर, अक्षरी रक्कम, बजेटचं हेड, विक्रेत्याची सही आणि मोबाइल नंबर, आणि पैसे यूपीआयने, म्हणजे बँकेच्या उताऱ्यात त्याचं नाव येतं. रोख द्यायचेच तर एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर नकोत. काही जण मंडपवाल्याची दोन व्हाउचरं करतात, 9,900 आणि 9,900, दोन्हींवर तारीख तीच. कायदा दिवसाची बेरीज बघतो, त्यामुळे ही हुशारी ट्रस्टच्याच अंगावर येते.

कुणी म्हणेल, मग जागतिक विषयाला बाहेरचे पैसे का घेत नाही? घेता येतात की. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखालची नोंदणी हवी. तिच्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर 15 लाख खर्च झालेला हवा. पोरांनी चालवलेलं मंडळ 15 लाख खर्चायला आधी 15 लाख आणणार कुठून, हे नियमात लिहिलेलं नाही. पूर्वी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला वाटा लहानांना द्यायची. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने तेही बंद झालं. पैसे घ्यायचं खातं नवी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतच, संस्था आर्णीची असो की अक्कलकुव्याची. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्के. वार्षिक विवरण 31 डिसेंबरच्या आत, वर्षभरात एक डॉलर आला नाही तरी भरायचं. तिथे मात्र सिस्टिम शून्य मुकाट्याने घेते.

यातली सगळ्यात मजेची तरतूद न्यूजर्सीतल्या आतेभावाची. प्रत्येक मंडळाला असा एक आतेभाऊ असतोच. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे तोवर त्याने स्वतःच्या बचतीतून पाठवलेले पैसे देशी धरले जातात. तो अमेरिकेचा नागरिक झाला की त्याच नोकरीतले, त्याच खात्यातले पैसे परदेशी स्रोत होतात, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. त्यामुळे गणपतीत भारतात आलेल्या आतेभावाला आरतीच्या ताटाशीच पासपोर्टचा रंग विचारावा लागतो. आत्याला ते आवडत नाही.

राहता राहिला सीएसआर. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे हा पैसा कशावर खर्चता येतो त्या यादीत, शिक्षण आहे, पर्यावरण आहे, स्त्री-पुरुष समानता आहे. जागतिक न्याय नाही. मग शिबिराचं नाव कागदावर "पर्यावरण व जीवनकौशल्य शिक्षण" होतं आणि कापसाचा भाव हे जीवनकौशल्य ठरतं. विदर्भात ते खरंही आहे म्हणा.

आणि ते 5 टक्के. सीएसआर नियमांतली प्रशासकीय खर्चाची 5 टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागासाठी आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च तिच्यात धरायचा नाही, व्याख्येतच तसं म्हटलंय. तरी फाउंडेशनवाले तीच टक्केवारी संस्थेच्या बजेटवर लावतात आणि हिशेबनिसाचा पगार त्या 5 टक्क्यांत कोंबायला सांगतात. सव्वादोन लाखांच्या शिबिरात हिशेब ठेवायला 11,250 रुपये, आणि हिशेब असा, की दर 85 रुपयांमागे एक मुलगी सिद्ध करायची. शेवटचा 20 टक्के हप्ता पडताळणीनंतर. तोवर मंडपवाल्याचे पैसे पोरांनी आपापसांत गोळा करून दिलेले असतात. ती पंचवीस वर्षांची, बेकार, यूपीएससीची पुस्तकं जुनी घेणारी पोरं त्या कंपनीला महिनोन्‌महिने बिनव्याजी कर्ज देतात. याला अहवालात "युवा सहभाग" म्हणतात.

श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम गरीब देशांच्या मदतीला द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 1970 मध्ये केला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके देश सोडले तर बाकीचे आज तिथे नाहीत. त्यांना मुद्दा क्रमांक 14 कुणी पाठवलेला ऐकिवात नाही.

युरोपात तरुणांच्या देवाणघेवाणीचा इरॅस्मस प्लस म्हणून कार्यक्रम आहे. तिथे प्रवासाचे पैसे अंतराच्या टप्प्यांवर मिळतात. दोन गावांतलं सरळ रेषेतलं अंतर गणकयंत्रात टाकायचं, ठरलेली रक्कम निघते. मुक्कामाचा, चहापाण्याचा खर्च दर माणशी दर दिवशी ठरावीक. वडापावचं बिल कुणी बघत नाही. माणूस खरंच आला का, एवढंच बघतात. आपल्याकडे वडापाव खरा होता का हे बघतात, माणसाचं काय ते नंतर.

म्हणून पुढच्या प्रस्तावात मी प्रवास दर माणशी ठोक दराने मांडला. एसटीच्या साध्या गाडीचं पूर्ण भाडं आधार धरलं, 25 जानेवारी 2025 ची 14.95 टक्के भाडेवाढ धरून. सवलतीमुळे उरेल ती रक्कम रिक्षाला, हेही लिहिलं. दर करारनाम्याच्या परिशिष्टात घातला, कारण परिशिष्टात नसेल तर पडताळणीवाला तो मानत नाही. फाउंडेशनने मान्य केलं, कौतुकही केलं. सह्या होऊन करार परत आला. परिशिष्टाखाली बारीक अक्षरांत एक टीप वाढवली होती: "ठोक दराच्या पुष्ट्यर्थ मूळ तिकिटे जोडणे आवश्यक."