पगार वाढला आणि विमा गेला

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका ज्येष्ठ काकांनी एक संदेश पुढे ढकलला. आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून निघाला, आता रोजचे दोन चहा कमी केले तरी घरात विमा येतो, आणि तरीही ज्यांना तो काढायचा नाही त्यांच्या आजारपणाचा भार प्रामाणिक करदात्यांनी का उचलायचा, असा त्याचा एकंदर आशय होता. खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. मी उत्तर लिहिले आणि पुसून टाकले, कारण त्या गटावर पाण्याच्या टँकरवरूनच पुरेशी भांडणे होतात. पण दुपारपर्यंत डोक्यातून काही ते जाईना, म्हणून इथे, माझ्या स्वतःच्या भिंतीवर लिहीत आहे. इथली बहुतेक मंडळी माझ्यासारखाच विचार करणारी आहेत, त्यामुळे कोणाला काही पटवून द्यायचे आहे अशातला भाग नाही.

माझा मावसभाऊ बाळू नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात मशीन चालवतो. २०२३ च्या मार्चपर्यंत त्याचा पगार २०,६०० रुपये होता आणि त्यातून दरमहा पाऊण टक्का, म्हणजे दीडशेहून थोडे जास्त रुपये, ईएसआयसीसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या आरोग्यविम्यासाठी, कापले जात. मालक सव्वातीन टक्के, म्हणजे ६७० रुपयांच्या आसपास, आपल्या बाजूने भरत असे. या एवढ्याशा रकमेत बाळू, त्याची बायको, मुलगा आणि आई, म्हणजे माझी मावशी, अशा सगळ्यांचे दवाखान्याचे झाकलेले होते. मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा तिथूनच मिळत. एप्रिलमध्ये त्याचा पगार १,३०० रुपयांनी वाढून २१,९०० झाला. मावशीने शेजारीपाजारी पेढे वाटले. ईएसआयसीची पगारमर्यादा मात्र २१,००० आहे. जानेवारी २०१७ मध्ये ती १५,००० वरून तिथवर आणली गेली, आणि बाळूला पगारवाढ मिळाली तेव्हा सहा वर्षे उलटूनही ती तिथेच उभी होती. बाळू त्या रेषेच्या ९०० रुपये पुढे गेला आणि कुटुंबासह विम्यातून बाहेर पडला. आधी भरलेल्या वर्गणीच्या बळावर डिसेंबरअखेरपर्यंत उपचार मिळत राहिले, त्यानंतर तेही बंद झाले.

२०२४ च्या फेब्रुवारीत, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मावशीला हृदयविकाराचा झटका आला.

घरापासून जे रुग्णालय सर्वांत जवळ होते तिथे तिला नेले. अशा वेळी कोणीही तेच करील, यादी उघडून बसायला कोणाला वेळ असतो? मी पोहोचले तेव्हा बाळू बिलाच्या खिडकीपाशी उभा होता. आत बसलेल्या मुलीने मान वर न करता विचारले, "मेडिक्लेम की कॅश?" बाळूने पाकिटातून ईएसआयसीचे पहचान कार्ड काढून तिच्यापुढे सरकवले. लॅमिनेशनचे कोपरे सुटलेले ते कार्ड तिने उलटसुलट करून पाहिले, अगदी सौजन्याने परत केले आणि म्हणाली, "हे इथे नाही चालत, दादा." मग फॉर्मवर "कॅश" या शब्दासमोर निळ्या पेनाने खूण केली. मुदत संपलेले कार्ड तो अजून पाकिटात का बाळगत होता, हे त्याला विचारण्याची माझी तेव्हा हिंमत झाली नाही.

५० हजार अनामत माझ्या कार्डावरून भरली. अँजिओप्लास्टी होऊन मावशी घरी आली तेव्हा एकूण बिल पावणेदोन लाखांच्या घरात गेले होते. त्यासाठी बाळूने पीएफमधून पैसे काढले आणि बायकोचे दागिने पतपेढीत ठेवले.

काकांना माझा पहिला प्रश्न हा आहे की या माणसाने नेमके कोणते दोन चहा कमी करायला हवे होते? विमा त्याच्याकडे होता. त्याचा हप्ता तो दर महिन्याला, न चुकता, पगार हातात पडण्याआधीच भरत होता. तो त्याने सोडलेला नाही, पगार वाढला हे कारण दाखवून त्याच्याकडून काढून घेतला गेला. आणि पीएफचा हिशेब क्षणभर बाजूला ठेवला, तर त्या १,३०० रुपयांच्या वाढीतले ६७० रुपये मालकाचे ईएसआयसीतून वाचले, म्हणजे निम्मी पगारवाढ बाळूने स्वतःच्या आईच्या उपचारांच्या हक्कातून स्वतःलाच दिली. हे गणित मी त्याला कागदावर मांडून दाखवले तेव्हा तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "ताई, मालकाला ठाऊक असेल का गं हे?"

मालकाला ठाऊक असेल किंवा नसेलही. लहान कारखानदार स्वतःच मोठ्या कंपन्यांच्या जॉबवर्कच्या दरांत पिचलेला असतो, हे मला मान्य आहे. पण त्याने ते ६७० रुपये तसेच चालू ठेवून कामगारांसाठी गटविमा घेतला असता, तर त्याचे दिवाळे निघाले नसते, एवढेच म्हणते.

आता "प्रामाणिक करदाते" या शब्दांकडे येऊ. काका केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्याकडे सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचारी-निवृत्तांसाठीच्या आरोग्य योजनेचे, कार्ड आहे. ही योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. तिची मासिक वर्गणी पदाप्रमाणे २५० ते १,००० रुपये आहे, आणि निवृत्तांना दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून आयुष्यभराचे कार्ड घेता येते. एवढ्या पैशांत एका कुटुंबाचे आयुष्यभराचे औषधपाणी, शस्त्रक्रिया आणि तपासण्या होतात का? अर्थातच होत नाहीत. उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते, आणि ती तिजोरी बाळूसुद्धा भरतो. तो आयकर भरत नसेल, पण साबण, बिस्किटे, मोबाइलचे रिचार्ज आणि दुचाकीतले पेट्रोल यांपैकी कशावर त्याला कर चुकवता आला आहे? काकांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला बाळूचे पैसे लागले आणि त्याने कधी तक्रार केली नाही. मला काकांच्या कार्डाबद्दल काडीचीही असूया नाही. ते त्यांना मिळालेच पाहिजे, आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाला म्हातारपणी डॉक्टरची फी भरताना घाम फुटू नये. मला संताप येतो तो स्वतः चढून गेल्यावर शिडी वर ओढून घेण्याच्या वृत्तीचा.

हे लिहिताना माझा आवाज चढला आहे याची मला कल्पना आहे. काका मनाने वाईट नाहीत. टाळेबंदीत त्यांनी आमच्या इमारतीतल्या अर्ध्या घरांना भाजी आणून दिली होती. म्हणूनच तो संदेश त्यांच्याकडून यावा याचे जास्त वाईट वाटले.

कोणी म्हणेल, सरकारी योजना आहेच की. आहे. २०१२ साली राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लावणारी जन आरोग्य योजना आहे, आणि तिने असंख्य गरीब माणसांचे प्राण वाचवले आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मावशी आजारी पडली तेव्हा आमच्या भागात ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती होती. वर्षाला एक लाखापेक्षा जास्त उत्पन्न म्हणजे पांढरी शिधापत्रिका, आणि बाळूची पांढरी. सर्व शिधापत्रिकाधारकांना ती लागू करण्याचा निर्णय २०२३ च्या जूनमध्येच झाला होता, अंमल झाला १ जुलै २०२४ पासून. निर्णय आणि अंमल यांच्या मधल्या त्या वर्षात मावशीचे हृदय थांबू पाहत होते. एका सरकारी रेषेच्या दृष्टीने बाळू ईएसआयसीसाठी फार श्रीमंत होता, दुसऱ्या रेषेच्या दृष्टीनेही श्रीमंतच होता, आणि त्या खिडकीपाशी मात्र त्याच्या पाकिटात दोन-तीनशे रुपये होते.

आज त्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण ते योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आणि ठरवून दिलेल्या उपचारांना. स्टेंट बसवल्यानंतर ज्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, त्या मावशीला या योजनेतून मिळत नाहीत. ईएसआयसीत असताना अशा गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळत. तिथे रांगा असतात, औषधे कधी संपलेली असतात, डॉक्टर धड बघत नाहीत, ही सगळी गाऱ्हाणी खरी आहेत. तरीही गोळ्या मिळत. गेल्या गणपतीत मी मावशीकडे गेले होते. फडताळात गोळ्यांची पट्टी दिसली, आणि सहज म्हणून मोजल्या तर महिन्याच्या शेवटीही जवळजवळ निम्म्या शिल्लक. मी विचारले तर आधी ती काहीच बोलेना. मग म्हणाली, "एक दिवसाआड घेतल्या तरी चालतं गं, मला काही होत नाही." बाळूला सांगू नकोस, असे तिने मला दोनदा बजावले. पतपेढीचे हप्ते अजून चालू होते आणि तिला ते ठाऊक होते.

आता तिच्यासाठी स्वतंत्र विमा काढायचा म्हटले, तर ६४ वर्षांच्या, स्टेंट बसवलेल्या बाईचा वर्षाचा हप्ता बाळूच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होतो, आणि आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते ते वेगळेच. जीएसटी काढला हे चांगलेच झाले, मलाही माझ्या घरच्या पॉलिसीत फरक पडला. पण न परवडणाऱ्या हप्त्यावरचा कर काढल्याने तो हप्ता परवडू लागत नाही. शिवाय ही सूट वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसीला आहे. मालकाने कामगारांसाठी गटविमा घ्यायचा ठरवले, तर त्यावरचा कर कायमच आहे. ज्या वाटेने बाळूसारख्यांना विमा मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता आहे, नेमकी तीच वाट महाग ठेवण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

मग पैसे कोणी भरावेत? माझे उत्तर साधे आहे, आणि ते माझ्याही खिशाला चाट लावणारे आहे. ज्याला पगार आहे त्याच्या पगारातून टक्केवारीने वर्गणी जावी, मालकाने तिच्यात आपला मोठा वाटा घालावा, आणि ज्याला पगारच नाही त्याची वर्गणी सरकारने करांतून भरावी. पगार वाढला तर वर्गणी वाढावी, पण कोणीही बाहेर पडू नये. २१,००० ची रेषा पुसून टाकावी आणि माझ्यासारख्या प्राध्यापिकेच्या पगारातूनही ती कापावी, मी कुरकुरणार नाही. निदान फार कुरकुरणार नाही. जर्मनीत कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा १८८३ साली झाला आणि आज तिथे वर्गणी मालक आणि कर्मचारी यांच्यात निम्मीनिम्मी वाटली जाते. माझी भाची म्यूनिकला नोकरी करते, तीही कापल्या जाणाऱ्या रकमेवरून बोटे मोडते, पण पगार वाढला म्हणून आपला विमाच संपेल ही कल्पना तिला समजावून सांगायला मला दोनदा प्रयत्न करावे लागले.

आपल्याकडे हा विचार परका आहे असेही नाही. स्वातंत्र्याआधी देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ सालीच म्हटले होते की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर होईल असे लिहिले होते. आता डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या सामाजिक सुरक्षेसाठी ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत, अशी तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत, म्हणजे कायद्यात, आली आहे. म्हणजे जो कामातून नफा मिळवतो त्याने काम करणाऱ्याच्या आजारपणाचा वाटा उचलावा, हे तत्त्व कागदावर सर्वांना मान्य आहे. सरकारकडे पैसा अमर्याद नसतो आणि खासगी रुग्णालये योजनेचे दर पाहून नाके मुरडतात, हेही आहेच. त्यावर उपाय शोधणे हे ज्यांना त्यासाठी पगार आणि आयुष्यभराचे उपचार मिळतात त्यांचे काम आहे.

तोवर एक विनंती करते. माझ्या मित्रयादीत अंबड, सातपूर, भोसरी आणि चाकणला कारखाने चालवणारे काही जण आहेत, काही माझे जुने विद्यार्थीही आहेत. तुमच्याकडे वीस-एकवीस हजारांच्या आसपास पगार घेणारी माणसे असतील. त्यांना पगारवाढ देण्याआधी हिशेबनिसाला एवढे विचारा की या वाढीने कोण ईएसआयसीबाहेर जातो आहे, आणि जो जातो आहे त्याच्यासाठी पहिल्याच दिवसापासून गटविमा घ्या. एजंट तुम्हाला कामगार, बायको आणि मुले एवढ्यांचाच स्वस्त दर सांगेल. आईवडिलांसह किती पडेल हे त्याच्याकडून लेखी मागा. आकडा मोठा वाटला तर मला फोन करा, आपण दोघे बसून बघू.