साधन पोहोचल्यानंतरचे काम : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रौढांच्या शिक्षणासाठी इंटरनेटचा वापर वाढवावा, या माझ्या लेखातील मागणीवर आपले दोन आक्षेप आहेत : मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात; आणि नुसते यंत्र हाती दिल्याने कोणी शिकत नाही, म्हणून तो पैसा रात्रशाळांना द्यावा.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याची कसोटी आपल्याकडेच घेतली गेली आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांसाठी खास कार्यक्रम प्रसारित केले. प्रत्येक गावातील सुमारे वीस जणांचे श्रोता मंडळ आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके, लगेच त्यावर चर्चा करी आणि उरलेल्या शंका केंद्राकडे पाठवी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मूल्यमापन करताना मंडळे नसलेली गावेही तुलनेला घेतली होती. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी पडली नाही. यंत्राविषयीचे आपले म्हणणे त्यामुळे मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्या चर्चेला विषय पुरवणारे जाणकार दीडशे गावांत आठवड्यातून दोनदा प्रत्यक्ष पाठवणे कोणाला शक्य होते?

रात्रशाळा हव्यातच. मात्र जिची पाळी दर आठवड्याला बदलते, त्या परिचारिकेला ठरावीक वेळेचा वर्ग साधत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून अशाच लोकांसाठी स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे यांची जोड घातली आहे.

अर्ध्यावर सोडण्याविषयी मात्र मी असहमत आहे. ज्या बागायतदाराला डाळिंबाच्या छाटणीपुरतीच माहिती हवी होती, त्याने पुढचे धडे पाहिले नाहीत, तर ते अपयश नव्हे. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरून पदवीचे श्रेयांक मिळवू पाहणारा विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोहोचला नाही, तर ती खरी चिंतेची बाब आहे, आणि तिथे त्याला सोबतीचा गट व शंका सोडवणारा शिक्षक लागतो.

म्हणून माझी मागणी अशी : गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आठवड्यातून एक संध्याकाळ ध्वनिचित्रित धडा सर्वांनी मिळून पाहावा, चर्चा चालवणाऱ्या स्थानिक व्यक्तीला मानधन मिळावे आणि तिथे निघालेल्या प्रश्नांना तो धडा तयार करणाऱ्या शिक्षकाने पुढच्या आठवड्यात उत्तर द्यावे.