हेमी कुडाच्या वायरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने माझ्या छोट्या प्लायमाउथ हेमी कुडाचे, म्हणजे या जुन्या अमेरिकन गाडीच्या किटमधून जोडलेल्या प्लास्टिक मॉडेलचे, फोटो मोठे करकरून पाहिले, याचा आधी आनंद झाला. तुमचे आक्षेप तीन. स्पार्क प्लगच्या वायरी टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मधोमध शिरतात, तसं कुठल्या इंजिनात असतं? गाडीचा तळ राखाडी, कडांवर पिवळे फवारे, हा गबाळेपणा. आणि मीच लेखात दिलेल्या फायरिंग ऑर्डरशी, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमाशी, वायरी जुळत नाहीत. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘बॉनेट लावल्यावर कोण बघतंय म्हणून काहीही जोडलंय.’ ते मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरचे प्लग हेडच्या बाजूला, सहज हात जाईल असे. तुमचा हात त्यांच्यावर बसलाय, त्यामुळे हे इंजिन विचित्र वाटणारच. पण हेमी हे नावच मुळी अर्धगोल ज्वलनकक्षावरून पडलंय. त्या घुमटात एका उतारावर इनटेक व्हॉल्व्ह, समोरच्या उतारावर एक्झॉस्ट, आणि प्लगला जागा उरते ती दोघांच्या मध्ये, माथ्याजवळ. म्हणून प्लग कव्हरखाली जातो, आणि त्याच्यापर्यंत पोचायला कव्हरमधून नळी काढलेली असते. प्रत्येक कव्हरला अशी चार भोकं. 426 घनइंचाचं, म्हणजे जवळपास 7 लिटरचं इंजिन. कंपनीचा आकडा 425 हॉर्सपॉवर. इथे मी चुकलेलो नाही.

तळाचं म्हणाल तर तो मुद्दाम तसा केलाय. त्या काळच्या या गाड्यांच्या तळाला प्रायमर असायचा, आणि बॉडीला रंग मारताना जो फवारा कडेने खाली शिरायचा तो तसाच राहायचा. आज प्रदर्शनासाठी दुरुस्त केलेल्या गाड्यांचे तळ आरशासारखे चमकवतात. मला 1970 साली कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेली कुडा हवी आहे. ते पिवळे फवारे जमेपर्यंत प्लास्टिकच्या दोन पट्ट्या वाया घालवल्या. एअरब्रश दाराच्या उंचीवर आडवा धरून, हवेचा दाब कमी करून मारला, तेव्हा कुठे फवारा कडेपुरता राहिला. 1:25 या प्रमाणात रंगाचा थर 0.1 मिलिमीटर झाला तरी खऱ्या गाडीवर तो अडीच मिलिमीटर होतो आणि दाराच्या फटी बुजतात. शिवाय आपलं ठाणं! जुलैत घोडबंदर रोडच्या घरात पहिला लॅकरचा हात मारला आणि पिवळ्यावर पांढरट धुकं चढलं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. सगळं उतरवलं आणि रंग थेट दसऱ्यानंतर दिला.

आता वायरी. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. क्रम 1-8-4-3-6-5-7-2. विषम नंबरचे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे अमेरिकन गाडीत डावीकडे, आणि सम उजवीकडे. तुमची प्रतिक्रिया वाचून भिंग घेऊन बसलो. 5 आणि 7 ची अदलाबदल झालेली आहे. दोन्ही शेजारी, दोन्ही पाठोपाठ फायर होणारे. खरं इंजिन असतं तर मिस मारत, खोकत राहिलं असतं. तुम्ही ते एका फोटोवरून पकडलंत.

फक्त ‘काहीही जोडलंय’ हे मी मान्य करणार नाही. खरी वायर 7 मिलिमीटर जाड, 25 ने भागलं की 0.28. तेवढी बारीक वायर किटमध्ये नसते. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून 32 गेजची तांब्याची तार आणली, ती 0.27 भरते. काळी रंगवली, डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला, भोकं पाडली: आठ प्लगची, एक कॉइलची. ही गाडी मी आयुष्यात प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तिचं इंजिन मला कळलं ते या नऊ तारा ओवताना. म्हणूनच बॉनेटखालची चूक मला बॉनेटवरच्या ओरखड्यापेक्षा जास्त खुपते.

रविवारी एअर क्लीनर उचकटून त्या दोन तारा काढल्या. नव्या रंगवून वाळत ठेवल्यात. बसवल्या की वरून आणि डावीकडून फोटो टाकतो, नंबर लिहून. तुम्ही क्रम तपासून ‘बरोबर’ म्हणेपर्यंत एअर क्लीनर परत चिकटवत नाही.