बदल घडवला, 500 शब्दांत

‘तुमच्या संस्थेत तुम्ही घडवून आणलेल्या एका बदलाविषयी लिहा. शब्दमर्यादा 500.’ बी-स्कूलच्या, म्हणजे एमबीएच्या कॉलेजाच्या, फॉर्मवरचा हा प्रश्न दिसायला अगदी गरीब. इंदुरात मात्र त्यावर आधी घरची बैठक भरते. रामबागेतले काका म्हणतात, स्वच्छतेवर लिही. 2017 मध्ये आपलं शहर देशात पहिलं आलं, कचऱ्याच्या पेट्या हटल्या, गाड्या दारात आल्या, ओला-सुका वेगळा झाला. याहून मोठा बदल कुठला? उदाहरण फर्स्टक्लास आहे. पण प्रश्नात ‘तुम्ही’ आहे, आणि अर्जदाराचा वाटा म्हणजे गाडीचं गाणं ऐकू आलं की डबा घेऊन जिना उतरणं. तेही आई ओरडल्यावर.

मग गाडी वळते इंदूरजवळच्या कारखान्यांच्या पीथमपूरकडे. कारखान्यात सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये रजिस्टर होतं, ते जाऊन सॉफ्टवेअर आलं. विषय चांगला आहे. लिहिताना त्याची माती होते. पहिल्या खर्ड्यात सॉफ्टवेअर येतं, सगळ्यांना ट्रेनिंग मिळतं, सगळे आनंदी होतात. विरोध कुणीच करत नाही. असा कारखाना पीथमपुरात तरी नाही.

दुसऱ्या खर्ड्यात विद्वत्ता शिरते. संस्थांमधल्या बदलाविषयी मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांचं ‘वितळवा, बदला, पुन्हा गोठवा’ येतं, जे वाचून मला इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतली कुल्फीच आठवते. त्यामागून व्यवस्थापनाचे प्राध्यापक जॉन कॉटर यांच्या 1995 च्या लेखातल्या, बदल घडवण्याच्या आठ पायऱ्या. आता 500 भागिले आठ करा: पायरीला बासष्ट शब्द, आणि तुमच्यासाठी शून्य. वाचणाऱ्याला कॉटर पाठ असतो. त्याला तुम्ही हवे असता.

माझ्या मते निबंधाचा खरा नायक आहे स्टोअरकीपर. त्याच्या टेबलावर लाल कापडी बांधणीचं रजिस्टर, सुतळीला बांधलेलं पेन, आणि तोंडावर ‘भैया, ये सब नहीं चलेगा’. अर्जदार त्याला ‘बदलास विरोध करणारे घटक’ असं लिहून एका ओळीत निकालात काढतो. तिथेच निबंध मेला. त्याला विचारायचं, का नाही चालणार? मग कळतं की सॉफ्टवेअरमधल्या मास्टर यादीत एकच 6205 नंबरचं बेअरिंग तीन नावांनी चढलंय: एकदा नुसता नंबर, एकदा ‘बॉल बेअरिंग 25 मिमी’, एकदा कंपनीच्या नावासकट. फिटर येऊन ‘बासठ-पाँच’ मागतो. स्क्रीनवर साठा शून्य, आणि रॅकवर डबा भरलेला! म्हातारा बरोबर होता, आणि हे निबंधात कबूल करायला हवं. बदल अडतो तो बहुधा अशा ठिकाणी. माणसाच्या ‘मानसिकते’वर खापर फोडणं सोपं, एवढंच.

मग तुम्ही काय केलंत ते लिहा, आणि त्याला निम्मे शब्द द्या. त्याच्याच शेजारी बसून नावं एक केलीत. दोन आठवडे रजिस्टर आणि स्क्रीन दोन्ही चालू ठेवलं. रोज संध्याकाळी महागड्या पन्नास वस्तू हाताने मोजून फरक लिहिलात. रजिस्टर बंद करायची तारीख त्यालाच ठरवू दिलीत. तुमच्या हाताखाली एकही माणूस नव्हता, हे लपवू नका. हुकूम चालत नसताना काम करून घेतलं, हेच तर तपासायचं असतं.

आकड्यांचं बघा. ‘कार्यक्षमता 40 टक्के वाढली’ हे वाक्य प्रत्येकाकडे असतं, आधी किती होती ते कुणाकडेच नसतं. समजा पन्नासपैकी अकरा वस्तूंचा हिशेब जुळत नव्हता, नंतर तीनच उरल्या, तसंच लिहा. उरलेल्या तीन का उरल्या तेही एका ओळीत. रात्रपाळीवाले चिठ्ठी न देता माल उचलतात, हे वाचून कारखाना पाहिलेला माणूस मान डोलावेल. पण आकडे खरेच हवेत. शिफारसपत्र लिहिणाऱ्या साहेबांना त्याबद्दल विचारलं, तर तेही तसंच बोलले पाहिजेत.

आता ‘आम्ही’ शोधा आणि प्रत्येकापाशी थांबा. मराठी घरात ‘मी केलं’ म्हणणं आगाऊपणा समजतात, त्यामुळे आमची मुलं बेअरिंगसुद्धा सामुदायिकपणे उचलतात. ‘सिनर्जी’ दिसेल तिथे कापा. आत्याला वाचायला दिलंत तर साहेबांचे आभार मानणारा परिच्छेद वाढतो, तोही कापा.

शेवटी दुसऱ्या कॉलेजचं नाव राहिलंय का ते बघा. एकाचा निबंध दुसऱ्याला चिकटवताना ते हटकून राहतं, आणि बहुधा शेवटच्या ओळीत. अमेरिकेतला अर्ज असेल तर वेळही नीट वाचा. न्यूयॉर्कची रात्री 11:59 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी 9:29, हिवाळ्यात 10:29. म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जिलबी उरकून सबमिट दाबता येतं. पण काही ठिकाणी मुदत तिथल्या दुपारी बाराची असते. तेव्हा पोहे आदल्या दिवशीचे धरा.