सतरा नंबर उशिरा आले

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींबद्दल बोलणी खाल्ली आहेत आणि त्यांतली बहुतेक मला लागूही होती. परंतु उशिरा येण्याबद्दल मला आजवर कोणी काही बोलले नव्हते. मी गाडी सुटण्याच्या चाळीस मिनिटे आधी फलाटावर उभा असणारा माणूस आहे आणि त्यावरून आमच्या घरात भांडणे होतात. अशा माणसाला परक्या देशात, बावीस जणांच्या देखत, हातात माईक देऊन, उशिरा आल्याची शिक्षा म्हणून पाढे म्हणायला लावले गेले. या गोष्टीला आज अकरा दिवस झाले, तरी तिची आठवण आली की हातातला चहा निवून जातो.

सहल छोटीच होती. कझाकस्तानातल्या अल्माटी शहरातून बसने निघायचे, चारिनची दरी पाहायची, साती नावाच्या खेड्यात रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी कोलसाई आणि काइंडी ही डोंगरातली तळी पाहून रात्री परत अल्माटीला यायचे. भारतीयांना तिथे चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, हे २०२२ साली ठरल्यापासून आमच्या सोसायटीतली निम्मी मंडळी तिथे जाऊन आली होती आणि उरलेल्या निम्म्यांत आपण का, असा प्रश्न आमच्या घरात वारंवार विचारला जात होता. त्याचे उत्तर म्हणून आम्ही पुण्याच्या एका सहल कंपनीच्या तेवीस जणांच्या गटात सामील झालो. डोकी मोजणे सोपे जावे म्हणून प्रत्येकाला एक आकडा दिलेला होता. बस सुटण्यापूर्वी प्रत्येकाने आपापला आकडा ओरडायचा. माझी पत्नी सोळा होती आणि मी सतरा.

एक नंबर काका होते.

काका बँकेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या आसपास, अंगाने काटक, आणि मनगटावर चावी द्यावी लागणारे एचएमटीचे घड्याळ. टूर लीडर हा पंचवीस वर्षांचा गोड मुलगा होता आणि सहलीअखेरीस भरून घ्यायच्या अभिप्रायाच्या अर्जाला तो जितका घाबरत होता, तितका मी कधी परीक्षेलाही घाबरलो नव्हतो. त्यामुळे पहिल्याच सकाळी मोजणीचे काम काकांनी त्याच्या हातून अलगद काढून घेतले आणि त्याने ते सोडूनही दिले.

अल्माटी ते चारिन हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे आणि बाहेर पाहण्यासारखे बराच वेळ काही नसते. माळरान, मग माळरान, मग घोडे, मग पुन्हा माळरान. मागच्या रांगेतून बाकरवडीचा पुडा पुढे सरकत होता. काकांच्या आणि माझ्यामध्ये फक्त वाटेची जागा होती. त्यांच्या घड्याळात साडेनऊ झालेले मला दिसले आणि माझ्यात नको तेव्हा उफाळून येणारा शिक्षक जागा झाला.

"काका, इथे घड्याळ अर्धा तास मागे करायचं असतं. आत्ता नऊ वाजलेत."

"कोणी सांगितलं?"

"फोननं. तो आपोआप बदलतो."

"फोनचं मला सांगू नका. फोन कोणाचंही ऐकतो." त्यांनी घड्याळाला चार वेळा चावी दिली. "माझा पुतण्या २०२३ साली इथे येऊन गेला. त्याला घड्याळ अर्धा तास पुढे करावं लागलं होतं. पुढे! तुम्ही मागे म्हणताय."

मी त्यांना समजावून सांगितले की पुतण्याचेही बरोबर होते. पूर्वी या देशात दोन प्रमाणवेळा होत्या आणि अल्माटी आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे होती. १ मार्च २०२४ रोजी सरकारने सगळ्या देशाची वेळ एक केली, तेव्हा अल्माटीकरांना घड्याळ तासभर मागे न्यावे लागले आणि ते आपल्या अर्धा तास मागे पडले.

काकांनी डोळे मिटून हे ऐकून घेतले. मला वाटले, पटले.

"म्हणजे आधी अधिक अर्धा, आणि आता उणे अर्धा?"

"बरोबर."

"सरासरी काढा."

"कशाची?"

"दोन्हींची. अधिक अर्धा, उणे अर्धा, भागिले दोन."

मी नाइलाजाने सरासरी काढली. "शून्य."

"शून्य. म्हणजे भारतीय वेळ," काका म्हणाले आणि त्यांनी बाकरवडी घेतली. "सरकारं येतात, जातात, घड्याळं पुढे-मागे करतात. सरासरी हलत नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली आहेत मी."

मी म्हणालो की वेळेची सरासरी काढत नसतात. त्यावर ते म्हणाले की मग सूर्याला विचारा. "अल्माटी पुण्याच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला?" मी फोनवर नकाशा उघडला. पुणे चौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशाच्या किंचित अलीकडे, अल्माटी सत्याहत्तरच्या किंचित अलीकडे. "पूर्वेला," मी पुटपुटलो. "पूर्वेच्या गावात सूर्य आधी उगवतो. मग त्या गावाचं घड्याळ पुण्याच्या मागे कसं? हे चौथीच्या भूगोलात आहे." आणि खरोखरच तिथे जूनमध्ये साडेचारच्या आत उजाडते. मला सर्वांत जास्त चीड आली ती याची की माणूस साफ चुकत होता आणि त्याचा मुद्दा बिनतोड होता.

एवढ्यावर थांबते तर मी विसरलो असतो. काकांनी पुढे बसलेल्या कझाक गाइड मुलीलाही यात ओढले. ती बिचारी इंग्रजीत म्हणाली की अल्माटीतल्या पुष्कळ लोकांना नवी वेळ आवडलेली नाही, संध्याकाळी लवकर अंधार पडतो, आणि जुनी वेळ परत आणा म्हणून लोकांनी सह्यांचे अर्जही केले आहेत. काकांनी माझ्याकडे पाहिले. ती दृष्टी मी पूर्वी फक्त कोर्टात जिंकून बाहेर येणाऱ्या भाऊबंदांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. "स्थानिक जनतेचं मत आलं," ते म्हणाले. त्या जनतेला घड्याळ तासभर पुढे हवे आहे, काकांच्या अर्ध्या तासाशी तिचा काही संबंध नाही, हे सांगायला मी तोंड उघडले, तोवर बस हसत होती.

न्यायाने बोलायचे तर काकांच्या बाजूने इतिहासही उभा करता आला असता. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, पण मुंबईने आपली वेगळी, एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालूच ठेवली होती. घड्याळाच्या बाबतीत सरकारचे न ऐकणे हा आपल्याकडचा जुना बाणा आहे. हे मी काकांना सांगितले नाही. आधीच त्यांच्याकडे बरेच पुरावे होते.

चारिनची दरी सुंदर आहे, हे मी राग बाजूला ठेवून लिहितो. सपाट माळावर चालता चालता पायाखालची जमीन एकदम संपते आणि खाली लाल, तांबूस, राखी थरांचे बुरूज उभे दिसतात. त्या भागाला ‘किल्ल्यांची दरी’ म्हणतात आणि सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ते नाव लगेच पटते, फक्त इथले किल्ले वारा आणि पाणी यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांवर कोणाचे नाव कोरलेले नाही. निदान खडूने तरी नाही. तळाशी चारिन नदी फेसाळत जाते आणि तिच्या काठाला झाडांची सावली आहे. जो तो या दरीला ‘ग्रँड कॅन्यनची धाकटी बहीण’ म्हणतो. दुसऱ्याच्या नावाने ओळखले जाण्यात काय सुख असते, हे कोणी त्या दरीला विचारलेले नाही.

आम्हाला तीन वाजता वाहनतळावर परत यायला सांगितले होते. नदीपासून वर येताना चढ आहे, ऊन आहे, आणि पैसे देऊन वर आणून सोडणाऱ्या गाड्याही आहेत. पत्नी तशा गाडीने आधी वर गेली. मी चालत आलो, वाटेत फोटो काढले, आणि दोन वाजून पन्नास मिनिटांनी, म्हणजे दहा मिनिटे आधी, घामाघूम पण समाधानी चेहऱ्याने बसमध्ये चढलो.

बस भरलेली होती. बावीस चेहरे माझ्याकडे पाहत होते.

झाले होते असे की काकांच्या घड्याळात तीन वाजताच त्यांनी वाहनतळावर जो दिसेल त्याला "चला, चला, तीन वाजले" म्हणून बसमध्ये घातले होते. सहलीतला माणूस कोण बरोबर आहे हे पाहत नाही. जो मोजतो त्याच्या मागे जातो. प्रत्येकाच्या खिशात बरोबर वेळ दाखवणारा फोन होता आणि तरी ती माणसे वीस मिनिटे बंद बसमध्ये शिजत बसली होती. मी म्हणालो, "अजून तीन वाजायचे आहेत!" आणि टूर लीडरकडे पाहिले. तो पाण्याच्या बाटल्या मोजू लागला. माझी पत्नी, सोळा नंबर, म्हणाली, "तरी मी सांगत होते, फोटो काढत बसू नका."

उशिरा येणाऱ्याने गाणे म्हणायचे, असा नियम मागच्या रांगेने तिथल्या तिथे केला. मला गाणे येत नाही. "मग निमकी म्हणा," काका म्हणाले. अर्ध्याचा पाढा! अर्ध्या तासावरून मला छळणाऱ्या माणसाला अर्ध्याचाच पाढा आठवावा, याला मी योगायोग मानायला तयार नाही. मी निमकी-पाऊणकी शाळेतून गेल्यानंतरच्या पिढीतला. शेवटी तडजोड एकोणतीसच्या पाढ्यावर झाली. मी माईक धरला आणि एकोणतीस सत्तेला अडलो. दोनशे तीन हा आकडा सगळ्या बसने एका सुरात मला सांगितला. सर्वांत मोठा आवाज सोळा नंबरचा होता.

सातीला आम्ही एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरलो. यजमानीणबाईंनी तळलेले बाऊरसाक समोर ठेवले. ते म्हणजे मीठ-साखर विसरलेले, टम्म फुगलेले शंकरपाळेच. टूर लीडरने तेवढ्यात जाहीर केले, "उद्या नाश्ता साडेसातला, म्हणजे काकांच्या आठला." यावर भांडण मिटायला हवे होते. पण पाच नंबरच्या बाईंनी साडेसातलाच काकांचे धरून सात केले, नऊ नंबरने आठला आपले धरून साडेआठ केले, आणि पहाटे काकांनी आठवण म्हणून दार वाजवले तेव्हा माझ्या फोनमध्ये सहा वाजले होते. ते कोणत्या हिशेबाने, हे मला अजून सापडलेले नाही.

कोलसाईबद्दल माझी तक्रार काकांविषयी नाही. माहितीपत्रकात ‘कोलसाई सरोवरे’ असे अनेकवचन छापले होते आणि खरोखरच तिथे एकावर एक अशी तीन तळी आहेत. पहिले १८१८ मीटर उंचीवर, दुसरे २२५२ वर, तिसरे २८५० वर. आम्हाला दाखवले पहिले. दुसऱ्यापर्यंत जायचे तर डोंगरातून काही तासांची पायपीट किंवा घोडा लागतो आणि तेवढा वेळ कार्यक्रमात नव्हताच. हिरवेगार पाणी, काठावर सूचिपर्णी झाडांची भिंत, सगळे मान्य आहे. परंतु पैसे मी अनेकवचनाचे भरले होते.

आणि मग काइंडी. सातीहून तिथे जायला नेहमीची बस चालत नाही. सोव्हिएत काळातली एक राखी मोटार मिळते, जिला तिथले लोक ‘बुहान्का’ म्हणजे पाव म्हणतात. १९६५ पासून ती जवळजवळ त्याच रूपात बनते आहे आणि तिच्या स्प्रिंगाही त्याच असाव्यात. नाला ओलांडताना मी छतावर दोनदा आपटलो. उतरल्यावर टूर लीडर एवढेच म्हणाला, "साडेबाराला गाडीपाशी." कोणाचे साडेबारा, हे तो बोलला नाही, आणि मी विचारले नाही, कारण आदल्या रात्रीच मी मनाशी एक निश्चय करून माझे घड्याळ अर्धा तास पुढे केले होते. गट काकांच्या मागे जातो, तर मीही जाईन. पुन्हा एकोणतीस नको.

१९११ च्या भूकंपात डोंगराचा कडा कोसळून ओढा अडला आणि इथले अख्खे जंगल पाण्यात बुडाले. निळसर पाण्यातून पांढरेफटक पडलेले खोडांचे खांब शंभरच्या वर वर्षे उभे आहेत. मी ते सुमारे आठ मिनिटे पाहिले. मग घड्याळ पाहिले आणि धापा टाकत परत चढलो. पावाला कुलूप होते. चालक सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. त्याने मला मूठभर दिल्या. इथून तळे दिसत नाही.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी, खऱ्या घड्याळाच्या, काका डुलत डुलत आले. विजारीचे काठ ओले होते.

"काका, तुमच्या घड्याळात किती वाजले?"

"बारा पंचवीस. आज सकाळी बदललं. परक्या देशात गेलं की तिथल्या वेळेनं वागावं माणसानं. त्या मुलीनं नीट समजावून सांगितलं." त्यांनी माझ्या हातातल्या टरफलांकडे पाहिले. "तुम्ही कधीचे आलात? मग ते पाहिलंच नाहीत तुम्ही! वर सगळी सुकलेली खोडं, पण पाण्याखाली फांद्यांना अजून पानं आहेत. थंडीमुळे कुजत नाहीत म्हणे. वाकून नीट पाहावं लागतं. वेळ काढून."

परतीच्या प्रवासाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. मुंबईला विमान उतरले तेव्हा पहाट व्हायची होती. पुण्याची बस साडेचारला बाहेर उभी राहणार होती. सामान घेतल्यावर काकांनी मनगट डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, "चारला पाच कमी. निवांत आहे. मी जरा चहा घेऊन येतो."

माझे घड्याळ काइंडीपासून मी पुन्हा बदललेलेच नव्हते. त्यात चार पंचवीस झाले होते. मी काही बोललो नाही. बसमध्ये जाऊन खिडकीशी बसलो. साडेचारला टूर लीडरने मोजणी सुरू करायला सांगितली आणि बसमध्ये शांतता पसरली, कारण मोजणी एकपासून सुरू होते आणि एक कोणीच म्हणेना.