पाळी गेल्यानंतर बीपी तपासा
पन्नाशीच्या आत बायकांचं बीपी त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा सरासरी कमी असतं, हे खरंय. पण पाळी गेली की ते भराभर चढतं आणि साठीच्या पुढे बायका पुरुषांना गाठतात, पुष्कळदा मागेही टाकतात. आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन एका जागी बसतात. डोकं जड झालं तरी 'उन्हाचं असेल' म्हणतात आणि पुढचं पान कातरायला घेतात. तपासायला नेतात ते घरातल्या पुरुषाला.

माझ्या सासूबाईंचं बीपी १६५/७० आलं, तेव्हा घरातले म्हणाले, खालचं नॉर्मल आहे ना, मग झालं. तसं नसतं! वय वाढतं तशा रक्तवाहिन्या ताठ होतात. वरचा आकडा चढत राहतो आणि खालचा पन्नाशी-पंचावन्ननंतर उतरायला लागतो. उतारवयात वरच्या आकड्याकडेच जास्त लक्ष द्यायचं. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. शेंगाचटणी कमी करणं त्यांना फार जीवावर आलं.

या बायका वळलेल्या विड्या द्यायला जातात, त्या कारखान्यातच बीपीचं मशीन ठेवा.